शुद्धिपत्र

फेब्रुवारीचा अंक आठ पानी.
पहिल्या पानावर अध्यक्षांचं मनोगत, फोटोसकट.
मग बसचालकांचा तुटवडा. तो गेल्या वर्षीही होता,
मी फक्त आकडा बदलला.
विम्याचे हप्ते. छपरांच्या निधीसाठी अर्जाची मुदत.
बिस्मार्कच्या अधिवेशनात कोंबडी हवी की मासा,
पंधरा तारखेच्या आत कळवा.
निवृत्त होणाऱ्यांना चाळीस चाळीस शब्द.
हा नियम माझा. नाहीतर शाळाप्रमुख आवरत नाहीत.

व्हर्लिन हाउगस्टाडने अकराच पाठवले.
त्यांतले दोन त्याचं नाव.

टोर्वालची शाळा मे अखेर बंद होतेय,
शेजारच्या जिल्ह्यात विलीन,
एकशे बारा मतं विरुद्ध एकशे चार.
शिल्लक मुलं एकोणीस, मी छापलं,
तिसऱ्या पानावर डावीकडे खाली,
जिथे एरवी फर्निचरवाल्याची जाहिरात असते.

त्याच्याशी मी एकदाच नीट बोलले,
फार्गोच्या हॉटेलात, कॉफीच्या पिंपाशी.
विषय बर्फाच्या सुटीचा.
नव्या दमाचा एक मुख्याध्यापक म्हणाला,
आता ॲप सांगतं की सगळं.
सांगतं ना, व्हर्लिन म्हणाला,
आणि कपात बघत राहिला.
मग कुणी विचारलं नव्हतं तरी सांगू लागला:
चारचा गजर.
पिकअपचं इंजिन रात्रभर विजेच्या तारेला जोडलेलं,
उणे एकतीसला दुसरं काही चालत नाही.
तीस मैल खडीचा रस्ता, बसचा, थांब्यागणिक,
शेंकच्या वळणावर मुद्दाम ब्रेक दाबून बघायचा.
मी घसरलो तर आज सुटी.
साडेपाचला पहिला फोन स्वयंपाकघरात, मार्लिसला,
कारण ती पावाचं पीठ भिजवते
आणि भिजवलेलं पीठ सुटी मानत नाही.
मग चालक. मग रेडिओ.
बायकोला सगळ्यात शेवटी,
ती तोवर जागीच असते.

सत्तावीस हिवाळे, तो म्हणाला, दोनदा चुकलो.
एकदा शाळा चालू ठेवली, एकदा बंद.
बंद ठेवली त्या दिवशी लख्ख ऊन पडलं.
लोक अजून तेच काढतात.

दुसऱ्या चुकीबद्दल तो बोलला नाही.
मी कप भरून घेतला.

अंक टपालात पडल्यावर नवव्या दिवशी
कार्यालयाच्या यंत्रावर निरोप, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं.
हाउगस्टाड बोलतोय, टोर्वालहून.
तुमच्यात एकोणीस लिहिलंय. वीस आहेत.
ब्रून यांच्याकडे टेसा आली जानेवारीत, भाची,
दुसरीत आहे, शेवटच्या थांब्याला चढते.
एवढंच.
मागे हीटरची घरघर, चाकांखाली खडी,
आणि पुढची चाळीस सेकंद तो फोन ठेवायला विसरला.
मी ती पूर्ण ऐकली.
एका जागी खडीचा आवाज थांबतो.
मग पुन्हा सुरू, सावकाश.

एकोणीस काय, वीस काय,
मतमोजणी झालेली, बसचे नवे मार्ग आखलेले,
राज्याच्या सूत्रात एका मुलीने दशांशही हलत नाही.
अध्यक्ष म्हणाले, शुद्धिपत्राला जागा आहे कुठे,
मार्चला पुरस्कारांची यादी असते.
मी त्यांच्या मनोगतातलं एक विशेषण काढलं.
ओळ बसली:

पृष्ठ ३, टोर्वाल: ‘एकोणीस’ऐवजी ‘वीस’ वाचावे.

टेसाचं नाव छापता आलं नाही. अल्पवयीन मुलांची नावं
आम्ही छापत नाही. हाही नियम माझाच.

आज जेवणाची यादी हॉटेलला कळवायची आहे.
कोंबडी एकशे नव्वद, मासा चौतीस.
व्हर्लिनने काही कळवलेलं नाही.
त्याला फोन करावा तर साडेचार वाजलेत दुपारचे,
म्हणजे तो आता मुलं पोचल्याचे फोन घेत असणार,
एकेका घराचा, वीस.
मी त्याच्या नावापुढे मासा लिहिला.